बेसमेंटमधलं जुनं वायर्ड अलार्म पॅनेल फोनवर आणायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास २००४ साली बांधलेलं घर एका मराठी जोडप्याने गेल्या वर्षी विकत घेतलं. बेसमेंटच्या कपाटात पांढरी लोखंडी पेटी आहे, आत हनीवेलचं व्हिस्टा-२०पी पॅनेल. त्याचा फोटोही त्यांनी पाठवलाय. गराजच्या दाराशी एक कीपॅड आणि वरच्या बेडरूमबाहेर दुसरा. लँडलाइन नाही, त्यामुळे कीपॅडवर ‘कॉम फेल्युअर’ दिसतं. भोंगा वाजतो, पण घराबाहेर कोणाला काही कळत नाही. एका कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला की हे सगळं काढून टाका, वायरलेस बसवा, पेटी फुकट, करार ३६ महिन्यांचा. यांना हवंय ते एवढंच: ऑफिसात बसून फोनवर घर दिसावं, मुलं शाळेतून आल्याचं कळावं, पुण्याहून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आई-बाबांना झेपावं, आणि डिसेंबरात सगळे भारतात गेले की तिथूनही लक्ष ठेवता यावं.

सगळ्यात आधी एक सांगतो: काहीही उपटू देऊ नका. मी ही कामं बरीच वर्षं करतोय, आणि चांगल्या वायरिंगचं घर वायरलेस करून टाकलेलं पाहिलं की जीव हळहळतो. तुमच्या घरातली खरी मिळकत त्या पेटीत नाही, भिंतींच्या आत आहे. घर बांधताना, ड्रायवॉल लागायच्या आधी, प्रत्येक दारा-खिडकीपर्यंत तांब्याची वायर ओढलेली आहे. आज तेच काम करायचं तर भिंती फोडाव्या लागतील. चौकटीतल्या चुंबकाच्या स्विचला बॅटरी लागत नाही आणि सिग्नल मिळतो की नाही ही भानगड नसते. वायरलेस केलंत की दर तीन-चार वर्षांनी वीसेक सेन्सरच्या बॅटऱ्या बदलत बसाल. आणि ते इशारे सगळे एकदम येत नाहीत, रात्री दोन वाजता एकेक करून येतात.

मग घोडं पेंड कुठे खातंय? पॅनेलच्या बोलण्यात. व्हिस्टा-२०पी आतल्या गोष्टी अजून नीट ओळखतं. कुठलं दार उघडलं, कुठे हालचाल झाली, सगळं त्याला कळतं. पण हे बाहेर सांगायचा त्याला माहीत असलेला एकच रस्ता म्हणजे टेलिफोन. अलार्म झाला की ते आरजे-३१एक्स नावाच्या जॅकमधून घरातली लाइन स्वतःकडे ओढून घेतं, मॉनिटरिंग सेंटरचा (अलार्म आला की तुम्हाला आणि पोलिसांना फोन करणाऱ्या केंद्राचा) नंबर फिरवतं आणि ‘कॉन्टॅक्ट आयडी’ पद्धतीने, म्हणजे टचटोन फोनसारख्या सुरांत, निरोप पोचवतं. लाइनच गेली तर बिचारं नंबर फिरवत राहतं आणि शेवटी ‘कॉम फेल्युअर’ दाखवतं. केबल कंपनीच्या इंटरनेट-फोनवर ते जोडायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. त्या फोनवर आवाज दाबून पाठवला जातो, सूर बिघडतात, निरोप कधी पोचतो कधी नाही. मी तो मार्ग सुचवत नाही.

तुमच्या फोटोत पेटीच्या डाव्या बाजूला अँटेना असलेला एक छोटा पांढरा डबा दिसतोय. तो आधीच्या मालकाचा सेल्युलर कम्युनिकेटर, म्हणजे मोबाइल नेटवर्कवरून पॅनेलचे निरोप बाहेर पाठवणारा डबा असावा, आणि बहुधा तो निकामी आहे. एटी अँड टीने २जी २०१६ च्या अखेरीस बंद केलं आणि ३जी फेब्रुवारी २०२२ मध्ये. व्हेरायझनचं ३जी २०२२ च्या डिसेंबरात संपलं. त्या काळात देशभरातले असे लाखो डबे बदलावे लागले, आणि बदलायचे राहून गेलेले अजून भिंतींवर दिवा लुकलुकवत बसलेत. दिवा लागतोय म्हणून चालू आहे असं समजू नका. जुन्या मालाच्या साइटवर स्वस्तात मिळणारा कम्युनिकेटर घेताना तो एलटीई (४जी) आहे ना, हे मॉडेल नंबरावरून तपासा.

आता पैसे खर्च करण्याआधीचं काम. याला अर्धा दिवस आणि एक साधा मल्टिमीटर लागेल.

पहिल्यांदा चालून तपासणी करा. कीपॅडवरून टेस्ट मोड लावा आणि एकजण प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी उघडत-बंद करत जा. दुसऱ्याने कीपॅडजवळ उभं राहून नोंद करायची: अमुक खिडकी, झोन तीन, वाजली. (पेटीत येणाऱ्या एका वायर-जोडीवरची दारं-खिडक्या म्हणजे एक झोन.) वीस वर्षांच्या घरात काही खिडक्या हमखास मुक्या निघतात, कारण मधल्या काळात कोणीतरी खिडक्या बदललेल्या असतात. खिडकीवाला जुनी चौकट काढताना वायर कापतो आणि फोम भरून मोकळा होतो. मग झोन सतत उघडा दिसतो आणि अलार्म लागत नाही. त्यावर कोणी ‘जाणकार’ पेटीत येऊन त्या झोनच्या दोन स्क्रूंवर थेट रेझिस्टर (विजेला ठरावीक अडथळा करणारा छोटा तुकडा) लावून देतो. पॅनेलला वाटतं सगळं बंद आहे. कीपॅड ‘रेडी’ म्हणतो, आणि मागची खिडकी सताड उघडी असली तरी त्याला पत्ता नसतो. हे फोनवर आणलंत तर फोनही तेच खोटं बोलेल.

म्हणून पेटी उघडून रेझिस्टर कुठे आहेत ते बघा. व्हिस्टाला प्रत्येक झोनच्या शेवटी २००० ओहमचा रेझिस्टर लागतो: लाल, काळा, लाल पट्टे. (हिरवा, निळा, लाल दिसले तर तो ५६०० ओहमचा, डीएससी या दुसऱ्या कंपनीच्या पॅनेलचा. अशा घरात पॅनेल मध्येच बदललेलं असतं.) तो बसायला हवा वायरच्या टोकाला, शेवटच्या सेन्सरपाशी. पण बरेच कारागीर वेळ वाचवायला पेटीतच लावतात. तसं असलं तर सिस्टीम चालते, पण वाटेत कुठे दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर पॅनेलला ते कळणार नाही.

आता पॅनेलची वीज बंद करून एका झोनच्या दोन्ही वायरी सोडवा आणि मीटर ओहमवर ठेवून मोजा. खिडक्या बंद असताना २००० च्या थोडं वर आकडा आला तर रेझिस्टर टोकाला आहे आणि वायर धडधाकट आहे. एक-दोन ओहम आले तर रेझिस्टर पेटीत आहे. खिडकी उघडल्यावर दोन्ही प्रकारांत मीटरने ‘ओपन’ दाखवायला हवं. आकडा नाचत असेल, आधी २००० मग २६०० मग परत २०००, तर कुठेतरी जोड गंजलाय. बेसमेंटच्या खिडक्यांपाशी हे फार होतं, ओल असते ना. आणि सगळं बंद असूनही ‘ओपन’ आलं तर वायर तुटलीये, उंदराने कुरतडलीये नाहीतर खिडकीवाल्याने कापलीये. अशी एखादीच खिडकी असेल तर तिच्यापुरता वायरलेस सेन्सर बसवा. व्हिस्टाला रिसीव्हर जोडता येतो, आणि काही कीपॅडमध्ये तो आतच असतो. एका खिडकीसाठी अख्खं घर वायरलेस करायचं कारण नाही.

हालचाल टिपणारे कोपऱ्यातले पीआयआर मात्र वीस वर्षांत म्हातारे होतात. पुढची प्लास्टिकची भिंग पिवळी पडते, टप्पा कमी होतो. ते बदला. त्यांना चार वायरी असतात, दोन १२ व्होल्टच्या विजेच्या आणि दोन झोनच्या. जुना काढायचा, त्याच वायरींवर नवा लावायचा. कुत्रं-मांजर असेल तर तसा चालणारा घ्या.

आता रस्ते. ढोबळ मानाने तीन आहेत, आणि मी त्यांना सारखं वजन देणार नाही, कारण तुमच्या घराला त्यातला पहिलाच साजतो.

पहिला रस्ता: पॅनेल तेच, सेन्सर तेच, फक्त त्याला नवं तोंड. कीपॅडच्या चार वायरी पॅनेलला जिथे येतात तिथेच एक कम्युनिकेटर जोडायचा. पॅनेलला तो आणखी एक कीपॅड असल्यासारखा वाटतो. तो एका बाजूने पॅनेलशी बोलतो आणि दुसऱ्या बाजूने सेल्युलर, इंटरनेट किंवा दोन्हींवरून फोनवरच्या अॅपशी. हनीवेलचा घरगुती उपकरणांचा धंदा २०१८ मध्ये रेसिडिओ नावाने वेगळा झाला. त्यांचे अलार्मनेट या त्यांच्याच नेटवर्कवर चालणारे कम्युनिकेटर आणि टोटल कनेक्ट अॅप व्हिस्टासाठीच बनलेत. अलार्म-डॉट-कॉमचे मोड्यूल आहेत, अलुलाचेही आहेत. यांतले बरेचसे डीलरच्या खात्यातूनच चालू होतात, नुसतं विकत घेऊन लावलं तर अॅप उघडत नाही. पण ऑनलाइन डीलर महिन्या-महिन्याच्या बोलीवर चालू करून देतात, ३६ महिने बांधून घ्यावं लागत नाही. स्वतःच्या हाताने, डीलरशिवाय करायचं असेल तर एन्व्हिसालिंक नावाचं कार्ड आहे. ते राउटरला केबलने जोडतात, आणि होम असिस्टंट (घरातली सगळी यंत्रं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांचं ते आवडतं आहे.

दुसरा रस्ता: पॅनेलचा मेंदूच काढून टाकायचा आणि सगळ्या झोनच्या वायरी कनेक्टेड नावाच्या कंपनीच्या बोर्डाला द्यायच्या. प्रो बोर्डावर १२ झोन येतात, आणि बाकी सगळं होम असिस्टंट किंवा तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही लिहाल तसं. आपल्या मंडळींत सॉफ्टवेअरवाले पुष्कळ, त्यामुळे हे ऐकलं की हात शिवशिवतात. जरूर करा, मजा आहे. पण मग चोर आल्यावर भोंगा वाजवायची जबाबदारी तुम्ही लिहिलेल्या नियमावर आणि कपाटातल्या छोट्या कॉम्प्युटरवर येते. तुम्ही घरी नसताना त्याने अपडेट मागितलं तर आई-बाबांनी करायचं काय? पॅनेलला हा प्रश्न येत नाही. घरातलं सगळं इंटरनेट मेलं तरी ते आपलं काम करतं, भोंगा वाजवतं.

तिसरा रस्ता: नवं टचस्क्रीन वायरलेस पॅनेल आणि जुन्या वायरींना त्याच्याशी जोडणारा ट्रान्स्लेटर. असे आठ-नऊ किंवा सोळा झोनचे डबे मिळतात. जुना बोर्ड मेला असेल, किंवा एखाद्या मोठ्या कंपनीने स्वतःसाठी बनवून घेतलेला, दुसऱ्या कोणाशीच न बोलणारा बोर्ड असेल, तर हा चांगला. तुमच्याकडे तसं काही नाही.

तर पहिला रस्ता, आणि तोही दोन पायांवर: घरचं इंटरनेट आणि एलटीई दोन्ही असलेला कम्युनिकेटर घ्या. नुसत्या वाय-फायवर ठेवू नका. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ जर्सीच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा इथली किती तरी घरं कित्येक दिवस अंधारात होती. वीज गेली की राउटर गेला, राउटर गेला की अॅप गेलं. पेटीतली बॅटरी पॅनेलला जिवंत ठेवते, राउटरला नाही. राउटर आणि केबल मोडेमसाठी एक छोटा यूपीएस घ्याच, पण भरवसा एलटीईवर ठेवा.

विकत घेण्याआधी पॅनेलच्या मधल्या चौकोनी चिपवरचं स्टिकर वाचा. त्यावर पॅनेलच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती असते. जुन्या आवृत्तीवर काही कम्युनिकेटर निरोप पाठवतात, पण फोनवरून चालू-बंद करू देत नाहीत किंवा झोनची नावं दाखवत नाहीत. ही चिप सॉकेटमध्ये बसवलेली असते, त्यामुळे सगळा बोर्ड न बदलता फक्त ती बदलता येते.

मग बसवायच्या दिवशी काय करायचं ते. ट्रान्सफॉर्मर आउटलेटमधून काढा. तो १६.५ व्होल्ट एसीचा असतो आणि बहुतेक वेळा एका स्क्रूने प्लेटला घट्ट केलेला असतो, ओढून काढायला जाल तर प्लेट तुटेल. त्यानंतर बॅटरीची लाल वायर. बॅटरी काढायची विसरलात तर जिवंत बोर्डावर स्क्रूड्रायव्हर फिरवत बसाल. कम्युनिकेटरच्या चार वायरी: लाल-काळी विजेच्या, हिरवी-पिवळी बोलण्याच्या. हिरव्या-पिवळ्याची अदलाबदल झाली तर जळत काही नाही, पण दोघं एकमेकांशी बोलणार नाहीत. कीपॅडच्या बाबतीत असं झालं तर त्यावर ‘ओपन सर्किट’ येतं. एका स्क्रूखाली चार-चार वायरी कोंबू नका. थोडी वेगळी वायर घेऊन बाहेर जोड करा, नाहीतर सहा महिन्यांनी एक सैल होऊन निसटेल आणि तुम्ही कम्युनिकेटरला शिव्या द्याल.

वीज परत दिली की कीपॅड मिनिटभर ‘बिझी, स्टँडबाय’ म्हणत बसतो, घाबरू नका. मग प्रोग्रॅमिंग. त्यासाठी इन्स्टॉलर कोड लागतो. तुम्ही रोज वापरता तो नव्हे, वेगळा. जुन्या कंपनीकडे मागा. दिला नाही तर मॅन्युअलमध्ये मार्ग आहे: वीज दिल्यापासून ५० सेकंदांच्या आत कीपॅडवर * आणि # एकदम दाबायचं. अलार्मनेटचा कम्युनिकेटर असेल तर *२९ या प्रोग्रॅमिंगच्या रकान्यात १ टाकून तो चालू करायचा आणि त्याचा पत्ता ३ ठेवायचा. *४१ मधला जुना टेलिफोन नंबर पुसा, *९२ मधली लाइनवरची पाळत बंद करा. त्याने ते ‘कॉम फेल्युअर’चं रडगाणं थांबेल. बाहेर पडायला *९९. या सगळ्यात *९७ ला मात्र हात लावू नका. तो दाबला की पॅनेल कारखान्यातून आल्यासारखं कोरं होतं, आणि वीस वर्षांपूर्वी कोणीतरी बसून लिहिलेली झोनची व्याख्या गेली. आधी सगळे झोन, त्यांचे प्रकार आणि नावं कागदावर उतरवून घ्या. कागद पेटीच्या दाराला आतून चिकटवा.

बॅटरीबद्दल. पेटीतल्या बॅटरीवर तारीख बघा, पाच वर्षांपेक्षा जुनी असेल किंवा फुगलेली असेल तर लगेच बदला. व्हिस्टाच्या पेटीत बऱ्याचदा १२ व्होल्ट ४ अँपिअर-अवरची सापडते. दोन कीपॅड, पीआयआर आणि नवा कम्युनिकेटर मिळून सहज ४०० मिलिअँपिअर खातात, म्हणजे कागदावर दहा तास, प्रत्यक्षात त्याहून कमी. पेटीत ७ ची बसते, ती घ्या. पॅनेल बाहेरच्या उपकरणांना ६०० मिलिअँपिअर देऊ शकतं, त्याच्या वर गेलात तर आणखी विचित्र लक्षणं दिसायला लागतील: भोंगा वाजताना कीपॅड मंद होणं वगैरे.

स्मोक डिटेक्टर पॅनेलला जोडलेले असतील तर इथे थांबा आणि नीट वाचा. आगीचा झोन प्रयोगाचा नाही. तो कनेक्टेडच्या बोर्डावर किंवा होम असिस्टंटवर नेऊ नका. तो याच पॅनेलवर, आगीचाच झोन म्हणून राहू द्या. आणि डिटेक्टर उलटा करून मागची उत्पादनाची तारीख बघा. एनएफपीए ७२ या आगीच्या अलार्मच्या अमेरिकन संहितेप्रमाणे घरातले स्मोक डिटेक्टर तयार झाल्यापासून दहा वर्षांनी बदलायचे असतात. २००४ चं घर आहे, तेव्हा मूळचे अजून छतावर असतील तर ते शोभेचे आहेत. त्याच संहितेत घरच्या आगीच्या यंत्रणेला बॅटरीवर २४ तास उभं राहून मग ४ मिनिटं अलार्म देता यावा अशी अट आहे. वर बॅटरीचं गणित मांडलं ते म्हणूनच, आणि ७ ची बॅटरी ४०० मिलिअँपिअरवर २४ तास पुरत नाही हे त्यातून लक्षात येईल. आग जोडलेली असेल तर मोठी बॅटरी किंवा वेगळा पॉवर सप्लाय लावून घ्या. हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. न्यू जर्सीत चोर-अलार्म आणि आग-अलार्मचा धंदा करायला राज्याचा परवाना लागतो, त्याचा नंबर मागायला संकोच करू नका.

आता फोन हातात आल्यावरच्या गोष्टी, आणि इथेच बहुतेक घरांत भांडणं होतात. अलार्मचे दोन प्रकार असतात. ‘अवे’ म्हणजे घरात कोणी नाही, पीआयआर चालू. ‘स्टे’ म्हणजे माणसं घरात, फक्त दारं-खिडक्या जागी. तुम्ही ऑफिसातून, आई-बाबा घरात आहेत हे विसरून अॅपवर ‘अवे’ दाबलंत, आणि बाबा चहा टाकायला स्वयंपाकघरात आले, की भोंगा. नवखं घर, बाहेर पोलीस, आणि दारात गोंधळलेले बाबा. आई-बाबा असतील त्या सहा महिन्यांत फोनवरून ‘अवे’ लावायचंच नाही, हा नियम दोघांनी करा. ‘फोन घरापासून लांब गेला की आपोआप अलार्म’ ही सोय त्या काळात बंद ठेवा, फार तर नुसती आठवण येऊ द्या. आई-बाबांना त्यांचा वेगळा चार आकडी कोड द्या. त्यांच्या जन्मवर्षाचा नको, कोणीही ओळखेल असा नको, पण त्यांच्या लक्षात राहील असा. मागच्या दाराने आत आल्यावर कोड टाकायला मिळणारा वेळ थोडा वाढवा, चष्मा शोधायला तेवढा लागतो. आणि बाबांच्या फोनवर अॅप टाकायचा आग्रह धरू नका. भिंतीवरचा कीपॅड त्यांना पुरतो, तोच तर वायर्ड सिस्टीमचा फायदा.

मुलांनाही प्रत्येकाला वेगळा कोड. मग ‘आर्या, ३ः१२, अलार्म बंद’ असा निरोप फोनवर येतो, आणि फोन करून विचारायची गरज राहत नाही. फक्त सगळ्या निरोपांचा मारा चालू करू नका. दर वेळी गराज उघडल्याचा निरोप येत राहिला की दोन आठवड्यांत तुम्ही न वाचता पुसायला लागाल, आणि ज्या दिवशी खरंच काही होईल तोही त्यातच पुसला जाईल.

भारतात जाण्याबद्दल तर वेगळंच सांगायला हवं, कारण तिथे फसगत होते ती अलार्ममुळे नाही, फोनमुळे. पुण्याला उतरलात की अमेरिकेचं सिम काढून ठेवता आणि भारतातलं घालता. मग अॅप नव्या ठिकाणाहून लॉगिन मागतं आणि ओटीपी पाठवतं तुमच्या अमेरिकेच्या नंबरावर. तो नंबर ड्रॉवरमध्ये. निघायच्या आधी ओटीपीची सोय ऑथेंटिकेटर अॅपवर करा, किंवा अमेरिकेचं सिम ई-सिम करून रोमिंगवर चालू ठेवा. हिवाळ्यात न्यू जर्सी आणि भारतात साडेदहा तासांचं अंतर असतं. न्यू जर्सीत दुपारचे दोन म्हणजे पुण्यात रात्रीचे साडेबारा. मॉनिटरिंग सेंटर आधी तुम्हाला फोन करतं आणि तुम्ही झोपेत. म्हणून त्या महिन्यापुरता फोन करायच्या यादीत पहिल्या दोन जागी शेजारी आणि जवळ राहणारा एखादा मित्र टाका, आणि त्यांच्यापैकी एकाला घराची किल्ली आणि स्वतंत्र कोड देऊन ठेवा. परत आलात की तो कोड पुसा.

आणि एक गोष्ट, जी चोरापेक्षा जास्त घडते. डिसेंबर-जानेवारीत घर रिकामं असताना हीटर बंद पडतो, पाइप गोठून फुटतो आणि बेसमेंटमध्ये तळं होतं. तुमच्या पॅनेलवर दोन-तीन झोन रिकामे दिसताहेत. त्यातल्या एकावर थंडीचा वायर्ड सेन्सर लावा, साधारण ४१ अंश फॅरनहाइटला बोलणारा, आणि दुसऱ्यावर संप-पंपाच्या (बेसमेंटमध्ये साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या) खड्ड्याशी पाण्याचा. दोन्ही स्वस्त, दोन्हींना वायर पेटीपासून हाकेच्या अंतरावर. तुम्ही पर्वतीवर असताना ‘घरात थंडी’ असा निरोप आला तर शेजाऱ्याला फोन करून हीटर बघायला सांगता येतं. कॅमेऱ्यांवर शेकडो डॉलर घालण्याआधी हे दोन सेन्सर लावून घ्या, असं मी सगळ्यांनाच सांगतो.

खर्चाचं म्हणाल तर दोन्ही मार्गांनी चालणारा एलटीई कम्युनिकेटर साधारण १५० ते २५० डॉलर, मोठी बॅटरी ३०-४०, पीआयआर प्रत्येकी २०-३०. महिन्याचा खर्च, स्वतःच लक्ष ठेवायचं तर दहा-पंधरा डॉलर, मॉनिटरिंग सेंटरही हवं तर त्याच्या वर थोडे. मोठ्या कंपन्या यालाच पन्नास-साठ लावतात. तुमच्यासारख्या घराला, जिथे वर्षातला महिनाभर कोणीच नसतं, मी मॉनिटरिंग सेंटर घ्यायला सांगेन. घरविम्यात सूटही बहुतेक वेळा त्याच्याच दाखल्यावर मिळते, नुसत्या अॅपवर सहसा मिळत नाही. बऱ्याच टाउनशिपमध्ये अलार्म नोंदवावा लागतो आणि खोट्या अलार्मना दंड असतो. तुमच्या टाउनशिपच्या पोलीस खात्याच्या साइटवर फॉर्म असेल, तो आधी भरा.

ज्याच्याकडून कराल त्याच्या करारात तीन गोष्टी लिहून घ्या: उपकरणं तुमच्या मालकीची, इन्स्टॉलर कोड तुम्हाला मिळणार आणि तुमच्या संमतीशिवाय बदलणार नाही, मुदत संपल्यावर करार आपोआप वर्षभर वाढणार नाही. ‘पेटी फुकट’ म्हणणाऱ्यांच्या करारात या तिन्हींच्या उलटं लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात. एन्व्हिसालिंक वगैरे स्वतः लावलंत तर राउटरमध्ये बाहेरून येणारं पोर्ट उघडू नका आणि कारखान्याचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

बसवून झाल्यावर मॉनिटरिंग सेंटरला फोन करून खातं ‘टेस्ट’वर टाकायला सांगा, मग खरोखर अलार्म वाजवा. एकदा सगळं नीट असताना, आणि एकदा राउटरची केबल काढून, म्हणजे एलटीईचा पाय उभा राहतो का ते कळेल. दोन्ही वेळा निरोप त्यांच्याकडे पोचला का, आणि झोनचं नाव बरोबर गेलं का, ते फोनवरच विचारून घ्या. ‘झोन ५’ असं नुसतं गेलं तर पोलिसांना काय सांगणार? ‘बेसमेंटची मागची खिडकी’ असं जायला हवं.

पुढचं सांगायला मला तुमच्याकडून दोन गोष्टी लागतील: त्या मधल्या चिपच्या स्टिकरचा जवळून फोटो, आणि पेटीतल्या झोनच्या स्क्रूंचा, रेझिस्टर दिसतील असा. त्यावरून कोणता कम्युनिकेटर तुमच्या पॅनेलवर पूर्ण चालेल आणि चिप बदलावी लागेल का, हे सांगता येईल.